खुनाला खून म्हणणाऱ्या बाई

जर्मन शिकवणारी बाई म्हणजे घड्याळाच्या काट्यावर चालणारी असणार, अशी माझी समजूत होती. पहिल्या दिवशी मी पिंपळे सौदागरमधल्या त्यांच्या सोसायटीत वेळेआधी पोचलो, तर दाराला कुलूप. जिन्यावर माझ्यासारखेच सात-आठ जण बसलेले. बऱ्याच वेळानं बाई आल्या. उंच, हाडापेरानं दणकट, सुती साडी, पायात पुरुषी बूट, डोक्यावर हेल्मेट आणि हातात कोथिंबिरीची जुडी.

"वेळेवर आलात?" कुलूप उघडता उघडता त्या म्हणाल्या. "काही उपयोग नाही. मी कधीच येत नाही."

पहिला धडा त्यांनी हेल्मेट घालूनच शिकवला. ते काढायचं राहून गेलं होतं आणि सांगायची आमची हिंमत नव्हती.

मी लातूरकडचा. चाकणच्या एका कंपनीत खरेदी विभागात काम करतो. मुख्य कचेरी जर्मनीत असल्यामुळे थोडं जर्मन आलं तर पुढे सरकता येईल, या हिशेबानं मी क्लास लावला. कंपनीनंही काही जणांची बॅच बाईंकडे पाठवली होती. त्याशिवाय तिकडे नोकरीला जाऊ पाहणाऱ्या नर्सेस, फिटर, इलेक्ट्रिशियन असे लोक असत. सगळ्यांना भाषा लवकर हवी होती आणि बाईंना कशाचीच घाई नव्हती. भूक लागली की त्या मधेच उठून बटाटे उकडायच्या. शेंगदाण्याच्या चटणीशी ते बटाटे आम्ही सगळ्यांनी खायचे, आणि खाताना जर्मन बोलायचं. तोंडात बटाटा असला की उच्चार आपोआप बरोबर येतो, असं त्यांचं म्हणणं होतं.

तरुणपणी त्या जर्मनीत नर्स होत्या. बारा-चौदा वर्षं एका वृद्धाश्रमात काढून परत आल्या. लग्न केलंच नव्हतं की केलेलं मोडलं होतं, हे आमच्यापैकी कुणालाच कधी कळलं नाही. विचारलं तर म्हणायच्या, "त्याचा भूतकाळ पुढच्या लेव्हलला शिकवते."

त्यांच्या सोसायटीत एकदा ठराव झाला की घरकाम करणाऱ्या बायकांनी, कचरा नेणाऱ्यांनी आणि सामान पोचवणाऱ्यांनी मागची लिफ्ट वापरायची. पुढची फक्त रहिवाशांसाठी. बाईंनी सभेत विरोध केला, तो फेटाळला गेला. दुसऱ्या दिवसापासून बाई मागच्या लिफ्टनं जाऊ-येऊ लागल्या. कचऱ्याच्या ड्रमला टेकून उभ्या राहायच्या. चेअरमन त्यांना समजवायला आले तेव्हा मी तिथेच होतो.

"मॅडम, तुम्ही मालक आहात."

"आहे ना. मागच्या लिफ्टची पण आहे."

"लोकांना अवघडल्यासारखं होतं."

"कुठल्या लोकांना? नावं सांगा, मी भेटून येते."

चेअरमननी नावं सांगितली नाहीत. ठराव काही बदलला नाही. बाईही बदलल्या नाहीत. हा तिढा मी तिथे जात होतो तोवर तसाच होता.

वर्गात त्यांचा एक नियम होता. 'ती लोकं अशीच असतात' या जातीचं वाक्य कुणी बोललं, मग ते मराठीत असो की मोडक्या जर्मनमध्ये, की धडा थांबायचा. दत्ता नावाचा एक लाइन सुपरवायझर आमच्याच कंपनीच्या बॅचमध्ये होता. चाकणजवळच्याच निघोजे गावचा, जुन्या शेतकरी घरातला, हसरा, कुणाच्याही मदतीला धावणारा. बाईंची स्कूटर बंद पडली की तोच ढकलत गॅरेजला न्यायचा. एकदा तो बोलून गेला, "बिहारी लोकांना कामाचं काय पडलेलं नसतं बाई, पैसा घ्यायचा आन पळायचं."

"कुठला बिहारी?" बाई म्हणाल्या.

"हाय एक. माज्या लाइनवर."

"नाव?"

दत्ता डोकं खाजवायला लागला. "नाव कुठं म्हायती, बाई."

"किती दिवस आहे?"

"झाली की दोनेक वर्षं."

"मग विचारून ये. नाव, मुलं किती, आणि त्याला कशाचा कंटाळा येतो."

पुढच्या वेळी दत्ता आल्या आल्याच हसत होता. "बाई, रामबिलास नाव हाय. दोन पोरी हायेत. आन कंटाळा म्हनाल तर पोह्यांचा. कँटीनमधी रोज पोहे, रोज पोहे. म्हनला, दादा, पोहे बघून रडायला येतं." सगळा वर्ग हसला. बाईंनी त्याच्याकडून ते सगळं जर्मनमध्ये म्हणून घेतलं. त्यानंतर दत्ता आणि रामबिलास एका डब्यात जेवू लागले, हे मी स्वतः पाहिलंय.

तिकडे जाणाऱ्या विद्यार्थ्यांना बाई हमखास एक गोष्ट सांगायच्या. आता तिथल्या शहरांत फुटपाथवर, घरांच्या दारासमोर, छोटे पितळी चौकोन बसवलेले दिसतात. त्यावर महायुद्धाच्या काळात मारल्या गेलेल्या एकेकाचं नाव असतं. या घरात हा माणूस राहत होता, याला अमुक वर्षी नेलं, अमुक ठिकाणी मारलं. "तुम्ही कामाला जाताना घाईत असाल," बाई म्हणायच्या, "पण एक तरी वाचून पुढे जा. तेवढं जर्मन मी शिकवते."

त्यावरून एका नर्स मुलीनं विचारलं, "मॅडम, नरसंहाराला जर्मनमध्ये काय म्हणतात?"

"फोल्करमोर्ड. फोल्क म्हणजे लोक, मोर्ड म्हणजे खून. लोकांचा खून. आणि आपण काय म्हणतो? संहार! संहार देव करतात. कुणाचा करतात?"

"राक्षसांचा," ती मुलगी म्हणाली.

"म्हणजे शब्द तोंडातून बाहेर पडायच्या आत मेलेला राक्षस झाला आणि मारणारा देव. माझ्या वर्गात खुनाला खून म्हणायचं."

संहार शब्द त्या दिवसापासून वर्गात बंद झाला. एक इंजिनीअर थोडा वाद घालत राहिला, की शब्दकोशात आहे, वर्तमानपत्रं तोच वापरतात. बाई म्हणाल्या, "असेल. तू वापर. घरी."

वृद्धाश्रमाबद्दल त्या सलग कधी बोलल्या नाहीत. बटाटे सोलताना, कुणाची वही तपासताना, असं तुकड्यातुकड्यानं येई. त्या तिथे होत्या तेव्हा आश्रमातले बहुतेक म्हातारे-म्हाताऱ्या महायुद्धाच्या वेळी ऐन उमेदीतले होते. कुणी रेल्वेत कारकून, कुणी शिक्षक, कुणी दुकानदार. "गोड माणसं," बाई सांगायच्या. "माझ्या वाढदिवसाला केक करायची. मला म्हणायची, तुझ्या हातचं इंजेक्शन दुखत नाही." बाई त्यांना रव्याची लापशी भरवायच्या, अंघोळ घालायच्या, आणि त्यांच्या आठवणी ऐकायच्या.

हळूहळू त्यांच्या कानांना एक गोष्ट जाणवायला लागली. जर्मनमध्ये 'मान' असं एक सर्वनाम आहे. त्याचा अर्थ कुणीतरी, कुणीही. मराठीत आपण 'माणसाला काय ठाऊक असतं' म्हणतो, तसं काहीसं. ते म्हातारे लहानपणाबद्दल, लग्नाबद्दल, कुत्र्याबद्दल बोलताना 'मी' म्हणायचे. मी पोहायचो, मी पडलो, मी तिला फुलं दिली. पण ज्यूंचा खून करणाऱ्या सरकारच्या त्या बारा वर्षांचा विषय निघाला की सगळ्यांचं 'मान' व्हायचं. माणसाला काही कळत नव्हतं. माणसानं आपलं काम केलं. मग युद्ध संपलं की पुन्हा 'मी'. मी घर बांधलं, मी मुलांना शिकवलं.

"रेल्वेचा म्हातारा गाड्यांची वेळापत्रकं बनवायचा," बाई म्हणाल्या. "त्यातल्या काही गाड्या माणसं घेऊन जायच्या आणि रिकाम्या परत यायच्या. त्यानं एकाही माणसाला बोट लावलं नव्हतं. मला वाटायचं, हा राक्षस असता तर किती बरं झालं असतं. मला त्याला भरवताना त्रास झाला नसता."

आणि एकदा, हातातली सुरी खाली ठेवून: "आमच्या धंद्यातल्या बायकाही होत्या हं त्यात. अपंग मुलांच्या, वेड्यांच्या दवाखान्यांपासूनच सुरुवात झाली होती. डॉक्टर लिहून द्यायचा, नर्स डोस द्यायची. माझ्यासारखाच पांढरा गणवेश." एवढं बोलून त्यांनी आम्हाला क्रियापदं लिहायला सांगितली.

त्या सगळ्यांत एका म्हातारीचा त्यांना विसर पडत नव्हता. तिच्या शेजारच्या ज्यू कुटुंबाला एक दिवस घेऊन गेले. नंतर त्यांच्या घरातल्या सामानाचा लिलाव झाला. भर रस्त्यात, सकाळी, सगळ्या आळीसमोर. हिनं एक भरतकाम केलेला टेबलक्लॉथ घेतला. स्वस्तात मिळाला म्हणून. ते भरतकाम शेजारणीनं हिच्याच ओसरीत बसून केलेलं होतं. मरायला टेकल्यावर म्हातारीनं तो कपाटातून काढायला लावला आणि बाईंचा हात धरून म्हणाली, तिला परत दे. बाईंनी सुट्टीच्या दिवशी कचेऱ्यांमध्ये खेटे घातले. त्या कुटुंबातलं कुणीही उरलेलं नव्हतं. भाऊ नाही, भाचा नाही, कुणी नाही.

"मग काय केलंत त्याचं?" आम्ही विचारलं.

"काय करणार? घडी घालून पुन्हा ठेवला. ती गेली."

निघोज्याची गोष्ट त्यानंतरची. तिथे हौसाबाई नावाच्या एका सत्तरीच्या बाईंचं घर होतं. जमीन कंपन्यांत गेल्यावर त्यांनी घरामागे पत्र्याच्या खोल्या बांधून भाड्यानं दिल्या होत्या. त्यांची नातसून नर्स होती आणि तिला जर्मनीला जायचं होतं. पण तान्हं मूल असल्यानं क्लासला येता येत नव्हतं, म्हणून रविवारी दुपारी बाई तिच्याकडे जायच्या. त्या रविवारी स्कूटर बंद होती, म्हणून मी त्यांना माझ्या गाडीवरून घेऊन गेलो होतो.

मागच्या खोल्यांत तेव्हा झारखंडचे काही कामगार राहत होते. आमच्या कंपनीत कंत्राटदारातर्फे नुकतेच लागलेले. ते आल्यापासून कंपनीतल्या जुन्या पोरांचा ओव्हरटाइम कमी झाला होता आणि त्यावरून धुसफूस चालू होती. त्यातच मुलं पळवणाऱ्या टोळीचा एक व्हिडिओ गावागावांतल्या ग्रुपवर फिरत होता. व्हिडिओ कुठला, कधीचा, कुणालाच माहीत नव्हतं. पण त्याखाली मराठीत लिहिलेलं होतं: 'आपल्या निघोज्यात आलेत. सावध राहा.'

धडा चालू असताना बाहेर आरडाओरडा झाला. सुखराम नावाचा त्या कामगारांतला एक जण अंगणात धावत आला आणि ओट्यापाशी कोसळला. दुकानासमोर खेळणाऱ्या एका पोरीला त्यानं बिस्किट दिलं होतं. तेवढं पुरलं होतं. हातात काठ्या घेतलेली माणसं त्याच्या मागोमाग येत होती. कुणीतरी ओरडत होतं, "किडे हायेत साले, ठेचा!"

बाईंनी काही पराक्रम केला असं नाही. फाटक बंद केलं ते हौसाबाईंनी. कडी लावून त्या त्याला पाठ टेकून उभ्या राहिल्या.

"कोन पायजे?" त्यांनी विचारलं.

"आज्जे, बाजूला हो. तो पोरं पळवनारा हाय."

"माज्या दारात आलाय त्यो. न्यायचा आसंल तर आदी मला ढकल. ये रं गणपा, ये की म्होरं. तुजा बाप पाटन सोडून हितं आला, तवा कुटं ऱ्हात व्हता रं? ह्याच खोलीत. त्याला बी चोर म्हनलं व्हतं लोकांनी. म्या ठिवला त्याला."

गणपा नावाचा तो दांडगा पोरगा जागीच थांबला. मागचे मात्र पुढे रेटत होते. तेव्हा बाई ओट्यावरून ओरडल्या, "दत्ता!"

मी दचकून पाहिलं. गर्दीच्या मागच्या बाजूला आमचा दत्ता उभा होता. हातात काही नव्हतं. नुसता उभा होता.

"दत्ता, ये इकडे. मला ओट्यावरून उतरता येत नाहीये. हात दे."

त्याला नाही म्हणता आलं नसावं. तो वाट काढत आला, हौसाबाईंनी फाटक त्याच्यापुरतं किलकिलं केलं, आणि त्यानं बाईंना हात दिला. ओटा दोन वितींचा. सगळी गर्दी ते बघत होती. मग बाईंनी आणखी एकाला नाव विचारलं, त्याच्या आईची चौकशी केली. कुणीतरी काठी खाली टाकली. पोलिसांची गाडी आली तोवर निम्मे पांगले होते.

सुखरामचा हात कोपराखाली मोडला होता. बाईंनी लाकडाच्या दोन पट्ट्या आणि नातसुनेची ओढणी घेऊन तो बांधला. बांधताना त्यांचे हात स्थिर होते. नंतर चष्मा लावायला गेल्या तर तो लागेना. तीनदा खाली पडला. मीच लावून दिला.

दोन दिवसांत ते सगळे कामगार गावी निघून गेले. पोलिसांकडे गुन्हा नोंदला गेला तो अनोळखी इसमांविरुद्ध. आमच्या जर्मन कचेरीनं घटनेचा अहवाल मागवला आणि कंपनीच्या भाषांतराची कामं बाईच करत असल्यानं मनुष्यबळ विभागाच्या साहेबांनी त्यांना बोलावलं. कागद पोचवायला मी बरोबर होतो. बाईंनी तो वाचला. 'कंपनीबाहेर दोन गटांत बाचाबाची झाली. त्यात एक कंत्राटी कामगार किरकोळ जखमी झाला. काही कामगार स्वेच्छेने गावी परतले.'

"स्वेच्छेने," बाई म्हणाल्या. "याचं जर्मन मला येत नाही."

साहेब हसले. "काय मॅडम, सोपा शब्द आहे."

"शब्द सोपा आहे. मला येत नाही."

साहेबांनी त्यांना चहा पाजला, कंपनीच्या अडचणी सांगितल्या, शेवटी जरा आवाज चढवला. बाई ऐकत राहिल्या आणि त्याच उत्तरावर राहिल्या. भाषांतर दुसरीकडून झालं. पुढच्या महिन्यापासून कंपनीची बॅचही बंद झाली. मी स्वतःच्या खर्चानं जात राहिलो. दत्ताला जर्मनीत प्रशिक्षणाला पाठवणार असं ठरत होतं, म्हणून तोही येत राहिला.

त्या रविवारबद्दल वर्गात कुणी बोलत नव्हतं. बोलला तो नेहमी वाद घालणारा इंजिनीअर. म्हणाला, "बाई, राग मानू नका, पण तुम्ही नेहमी त्या जर्मनीच्या गोष्टी सांगता. इथे एका माणसाचा हात मोडला. तुलना करायची म्हणजे जरा अतीच होतं."

"अगदी बरोबर," बाई म्हणाल्या. "तुलना करूच नये. तसा खून करायला सरकार लागतं, कायदे लागतात, गाड्या लागतात, वर्षानुवर्षं ठरवून काम करणारी पगारी माणसं लागतात. निघोज्यात यातलं काही नव्हतं. फक्त एकच सांग. ती पगारी माणसं कुठून भरती करतात? कुठल्या गावातून आणतात?"

दत्ता खाली बघून वहीत रेघा मारत होता. वर्ग सुटल्यावर सगळे गेले, तो गेला नाही. मी भांडी विसळत होतो.

"बाई, ते फॉरवर्ड झालं," तो म्हणाला.

"आपोआप?"

"म्हंजी... ग्रुपवर आलं व्हतं. म्होरं गेलं."

"आणि निघोज्याचं नाव? ते पण आपोआप?"

त्यानं वही मिटली. मग म्हणाला, "न्हाई. ते म्या टाकलं. मला वाटलं, पोलीस येतील, ह्यास्नी जरा धाक बसंल. मारायचं कुनाच्या मनात न्हवतं बाई. ओव्हरटाइम गेला, हप्ता थकला, डोकं फिरलेलं व्हतं."

"रामबिलासबरोबर जेवतोस ना तू?"

"त्यो येगळा. त्यो आपल्यातला झालाय. हे नवीन."

बाई एकदम खुर्चीत बसल्या. मला वाटलं, चिडतील. पण त्यांचा चेहरा पडला होता. "म्हणजे मी शिकवलं ते एवढंच पोचलं," त्या स्वतःशीच म्हणाल्या. मग त्याच्याकडे बघून त्यांनी अगदी सरळ आवाजात विचारलं, "दत्ता, तू म्हातारा होशील. कुणीतरी मुलगी तुला भरवेल, पुसेल. तुझ्या आठवणी विचारेल. हा रविवार आला की तिला काय सांगशील?"

दत्ता निघून गेला. तीन-चार आठवडे तो आला नाही. कंपनीत समोर आला तरी नजर चुकवायचा. मग एक दिवस बाईंच्या दारात उभा. म्हणाला, "चौकीत जाऊन नाव सांगितलं बाई. व्हिडिओवर लिवलं ते म्या लिवलं, म्हनलं." चौकीतल्या साहेबानं त्याला दोन तास बसवून ठेवलं होतं. भाऊबंद घरी येऊन शिव्या देऊन गेले होते. बायको माहेरी गेली होती. कंपनीनं प्रशिक्षणातून त्याचं नाव काढलं होतं, कारण काही दिलं नव्हतं.

"आता झालं का?" त्यानं विचारलं. मला वाटतं, आता सुटलो, हे त्याला ऐकायचं होतं.

"चौकीला सांगून झालं," बाई म्हणाल्या. "माझ्या त्या म्हातारीला परत द्यायला कुणी उरलेलं नव्हतं. तुला आहे. तिकीट काढ. मी येते." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तू पण चल. मराठवाड्याच्या माणसाला हिंदी बरं येतं."

सुखरामचा पत्ता रामबिलासनं फोनाफोनी करून मिळवला. आम्ही येतोय हे त्याला कळवलं होतं. तो हो म्हणाला नव्हता, नाहीही म्हणाला नव्हता.

प्रवास लांबचा होता. बाईंनी डबाभर बटाटे उकडून आणले होते. पहिला दिवस दत्ता खिडकीला डोकं लावून बसला. दुसऱ्या दिवशी त्यानं विचारलं, "बाई, येवढं समदं तिकडं झालं. कुनी थांबवलं न्हाई?"

"काहींनी जमेल ते केलं. कुणी शेजाऱ्याचं पोर माळ्यावर लपवलं, कुणी खोटे कागद करून दिले. पण तोवर फार उशीर झाला होता. तेव्हा फक्त लपवता येत होतं, नाहीतर पळवता येत होतं. थांबवायचं तर त्याच्या कितीतरी आधी हवं होतं."

"आदी म्हंजी कवा?"

"कुणीतरी कुणालातरी किडा म्हणतो आणि बाकीचे हसतात. तेव्हा. त्या वेळी फार काही लागत नाही. एकानं हसू नये, एवढं पुरतं. नंतर नंतर लागणारी हिंमत वाढत जाते. माझ्यात ती कितपत आहे मला ठाऊक नाही. हौसाबाईंनी कडी लावली नसती, तर मी काय केलं असतं, सांगता येत नाही."

"मी हासलो व्हतो," दत्ता म्हणाला. बाईंनी डब्यातला एक बटाटा काढून त्याच्या हातात दिला.

रेल्वे, मग बस, मग शेवटचा टप्पा सुखरामच्या भावाच्या मोटारसायकलवर एकेक करून. घर मातीचं, सारवलेलं, दारात मोहाचं झाड. सुखराम अंगणात उभा होता. हात बरा झाला होता, पण वाकडा. त्यानं बाईंना ओळखलं, बसायला बाज टाकली. बायकोनं पाणी आणलं. कोपऱ्यात त्याचे वडील घोंगडी पांघरून बसले होते.

दत्तानं रेल्वेत दोन दिवस हिंदी वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही त्याला आठवेना. उभ्या उभ्याच तो म्हणाला, "वो वीडियो में गाँव का नाम मैंने डाला था."

सुखरामनं त्याच्याकडे निरखून पाहिलं. "वीडियो में हम थे?"

"नहीं. कोई दूसरा आदमी था. कहीं और का था."

"तो हमने कुछ किया नहीं था?"

"नहीं. आपने कुछ नहीं किया था. मैंने झूठ लिखा था."

सुखराम खाली बसला. हळूहळू, स्वतःशी बोलल्यासारखा तो म्हणाला, "इतने दिन हम यही सोचते रहे कि हमसे क्या गलती हुई. बिस्कुट नहीं देना था क्या. रास्ता गलत लिया था क्या. यहाँ लोग भी पूछते हैं, सुखराम, तुमने जरूर कुछ किया होगा, नहीं तो कोई ऐसे ही क्यों मारेगा. घरवाली भी पूछती थी." बायको दारात उभी होती. तिनं मान फिरवली.

माफी दत्तानं मागितली. सुखरामनं माफ केलं की नाही, मला सांगता येणार नाही. त्यानं भावाला हाक मारली आणि त्यांच्या भाषेत काहीतरी सांगितलं. भाऊ गेला आणि शेजारच्या घरांतून माणसं बोलावून आणू लागला. बायका आल्या, दोन-तीन म्हातारे आले, अंगण भरत गेलं. दत्ता घाबरला. मीही घाबरलो, खोटं कशाला बोलू. माझी नजर परतीच्या वाटेकडे गेली होती.

सगळे बसल्यावर सुखराम दत्ताला म्हणाला, "अब फिर से बोलिए. जो अभी बोला."

दत्तानं पुन्हा सांगितलं.

सुखरामनं कोपऱ्यातल्या वडिलांकडे पाहिलं. "बाबा ऊँचा सुनते हैं," तो म्हणाला. "जोर से."

दत्ता म्हाताऱ्यासमोर जाऊन उकिडवा बसला आणि मोठ्यानं म्हणाला, "बाबा, आपके बेटे ने कुछ नहीं किया था. झूठ मैंने लिखा था. मैंने."

म्हातारा ऐकत राहिला. मग त्यानं मान हलवली आणि जमलेल्या लोकांकडे बघितलं, सगळ्यांनी ऐकलं ना, अशा नजरेनं.

मी बाईंकडे पाहिलं. त्यांना वाटेल, आता काहीतरी बोलावं, असं मला वाटलं होतं. त्यांचं लक्षच नव्हतं. सुखरामला बाजेवर बसवून त्यांनी त्याचा हात मांडीवर घेतला होता, आणि हाड नेमकं कुठे चुकीचं जुळलंय ते बोटांनी चाचपत होत्या.